मॅप सर्व्हरशी जुळत नाही: निदान, दुरुस्ती आणि नावांची सामाईक पद्धत

ठाणे आणि नवी मुंबईतील जे खेळाडू आपापल्या परिसरावर बेतलेले मॅप, म्हणजे संगणकावरील गेममधील मैदाने, स्वतः तयार करतात आणि शनिवार-रविवारी ते सामाईक सर्व्हरवर खेळतात, त्यांच्याकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. एक फेरी सुरळीत संपते, सर्व्हर पुढचा मॅप लावतो आणि खेळणाऱ्यांपैकी काही जण बाहेर फेकले जातात. तुमचा अमुक मॅप सर्व्हरवरील मॅपपेक्षा वेगळा आहे, एवढाच संदेश पडद्यावर इंग्रजीत उमटतो. बाहेर पडलेला खेळाडू पुन्हा जोडून घेऊ पाहतो, तेव्हा तोच संदेश पुन्हा येतो. मग गटातील कोणीतरी ‘फोल्डरमधून तो मॅप उडव आणि परत ये’ असे सांगतो. तसे केल्यावर त्या दिवसापुरते भागते, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एखाद्या मॅपवर हेच सारे पुन्हा घडते.

ही अडचण वारंवार का येते, ती आली असता दोष नेमका कोठे आहे हे कसे ओळखावे आणि ती मुळात येऊच नये यासाठी मॅपना नावे कशी द्यावीत, एवढाच या लेखाचा विषय आहे. येथील माहिती मुख्यतः सोर्स इंजिनवरील (व्हॉल्व्ह कंपनीच्या गेम चालवणाऱ्या मूळ प्रणालीवरील) गेमना, म्हणजे २००४ सालच्या ‘काउंटर-स्ट्राइक: सोर्स’ला आणि २००७ सालच्या ‘टीम फोर्ट्रेस २’ला लागू आहे. जुन्या ‘काउंटर-स्ट्राइक १.६’वरही कारण तेच असते, दुरुस्तीत मात्र थोडा फरक पडतो; तो त्या त्या ठिकाणी सांगितला आहे. फाइलींची नावे येथे वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष संगणकावर ती रोमन लिपीतील लहान अक्षरे, अंक आणि अंडरस्कोर यांतच लिहावयाची आहेत.

असे का घडते

खेळाडू सर्व्हरशी जोडला जातो तेव्हा सर्व्हर त्याच्या गेमला चालू मॅपचे नाव आणि त्या फाइलवरून काढलेला चेकसम, म्हणजे फाइलची ओळख पटवणारा आकडा, कळवतो. खेळाडूच्या संगणकावरील गेम आधी केवळ नाव पाहतो. त्या नावाची फाइल संगणकावर नसेल तर ती उतरवून घेतली जाते. ती असेल तर उतरवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, मग ती फाइल दोन वर्षांपूर्वीची असली तरी गेमला त्याचे काही नसते. त्यानंतर चेकसम ताडून पाहिला जातो आणि तो जुळला नाही की खेळाडूला बाहेर काढले जाते. ही फाइल जुनी दिसते, तेव्हा तिच्या जागी नवी आणू या, असा विचार करणारी पायरी या साऱ्या क्रमात कोठेही नाही. फाइल उतरवायची की नाही हे नावावरून ठरते आणि आत घ्यायचे की नाही हे फाइलच्या आतील मजकुरावरून ठरते. त्यामुळे एकाच नावाखाली दोन वेगवेगळे मजकूर अस्तित्वात आले की काही खेळाडूंचा प्रवेश अडणारच.

एकाच नावाखाली दोन मजकूर येण्याचे मार्गही ठरावीक आहेत. मॅप करणाऱ्याने एखादी भिंत हलवून किंवा प्रकाश सुधारून मॅप पुन्हा कंपाइल केला (म्हणजे आराखड्यावरून खेळण्याजोगी फाइल बनवली) आणि त्याच नावाने सर्व्हरवर चढवला, हा सर्वांत नेहमीचा प्रकार आहे. दुसरा प्रकार पेनड्राइव्हचा. एखाद्याच्या घरी लॅनवर खेळण्यासाठी जमलेले असताना मॅपची चाचणीपुरती केलेली प्रत सर्वांच्या संगणकांवर टाकली जाते आणि ती तेथे कायमची राहते. तिसरा प्रकार जरा गमतीचा आहे, कारण त्यात बाहेर फेकला जातो तो खुद्द मॅप करणारा. हॅमर या संपादकातून मॅप कंपाइल केला की तयार झालेली फाइल गेमच्या मॅप्स फोल्डरमध्ये आपोआप ठेवली जाते. त्यामुळे सर्व्हरवर गेल्या आठवड्यातील प्रत असताना करणाऱ्याच्या संगणकावर मात्र काल रात्रीची असते. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांनी आपापल्या मॅपला तेच नाव देणे हा चौथा प्रकार. ‘सीएस_स्टेशन’ यासारख्या सहज सुचणाऱ्या नावांबाबत तो अपवादाने नव्हे, नेमाने घडतो.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. चेकसम काढताना मॅपच्या फाइलमधील एंटिटींचा भाग, म्हणजे खेळाडू कोठे उतरतील, दारे कशी उघडतील, वस्तू कोठे ठेवलेल्या असतील याची यादी, वगळला जातो. १.६ च्या काळात रिपेंट या साधनाने केवळ एवढाच भाग बदलून सर्व्हर चालवत असत आणि खेळाडूंना काहीही उतरवावे लागत नसे, ते याच कारणाने. त्यामुळे फक्त एंटिटी बदलून जुन्याच नावाने चढवलेला मॅप ही तक्रार निर्माण करत नाही आणि ‘आम्ही तर नेहमीच त्याच नावाने चढवतो, आम्हाला कधी त्रास झाला नाही’ असे म्हणणारे लोक भेटतात. त्यांचा अनुभव खरा आहे. त्यांनी भिंतीला हात लावला नव्हता, इतकेच.

दोष कोठे आहे हे कसे ओळखावे

तक्रार आल्यावर पहिला प्रश्न एकच विचारावा: ज्याने हा मॅप पूर्वी कधीच खेळलेला नाही, तो खेळाडू आत येऊ शकतो का? उत्तर होकारार्थी असेल तर सर्व्हर आणि उतरवण्याची जागा दोन्ही ठीक आहेत. बाहेर पडणाऱ्या खेळाडूच्या संगणकावर जुनी प्रत पडून आहे. उत्तर नकारार्थी असून संदेश ‘मॅप वेगळा आहे’ असाच असेल, तर बहुतेक वेळा दोष फास्टडीएलच्या, म्हणजे जलद उतरवण्यासाठी ठेवलेल्या प्रतींच्या, जागेवर असतो. सर्व्हर चालवणारे मॅपची मूळ फाइल एका ठिकाणी ठेवतात आणि खेळाडूंना जलद उतरवता यावी म्हणून तिची बीझेड२ पद्धतीने दाबलेली प्रत वेगळ्या वेब सर्व्हरवर ठेवतात. मूळ फाइल बदलली आणि दाबलेली प्रत बदलायची राहिली, तर नव्या खेळाडूला अगदी ताजी उतरवलेली, पण जुनीच फाइल मिळते. अशा वेळी खेळाडूंना फोल्डर साफ करायला सांगून काहीही साधत नाही, उलट त्यांचा डेटा फुकट जातो.

उत्तर नकारार्थी असून संदेश मॅप सापडत नसल्याचा असेल, तर नावातील लहान-मोठी अक्षरे तपासावीत. विंडोजवर मोठे ‘डी’ आणि लहान ‘डी’ यांत फाइलच्या नावापुरता फरक मानला जात नाही. लिनक्सवर तो मानला जातो, आणि भाड्याने घेतलेले बहुतेक गेम सर्व्हर आणि वेब सर्व्हर लिनक्सवर चालतात. मॅप करणाऱ्याच्या संगणकावर सर्व काही चालत असते, म्हणून त्याला ही चूक दिसतच नाही. नावात मोकळी जागा असेल तर वेगळाच घोटाळा होतो, कारण कन्सोलवर दिलेली आज्ञा मोकळ्या जागेपाशी तुटते आणि नावाचा पहिलाच तुकडा मॅप म्हणून शोधला जातो.

दोन प्रती खरोखर एकच आहेत का, हे तपासताना फाइलची तारीख पाहू नये. उतरवलेल्या फाइलला बहुधा उतरवल्या दिवसाची तारीख लागते. आकारावरही पूर्ण विसंबू नये, कारण किरकोळ बदलांनंतर तो तेवढाच राहू शकतो. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘सर्टयुटिल’ ही आज्ञा ‘हॅशफाइल’ या पर्यायासह द्यावी, पुढे फाइलचा मार्ग आणि शेवटी ‘एमडी५’ असे लिहावे. लिनक्सवर त्यासाठी ‘एमडी५सम’ ही आज्ञा आहे. दोन्हीकडे ३२ अक्षरांची एक ओळ मिळते. सर्व्हरवरील फाइलची ओळ आणि खेळाडूच्या फाइलची ओळ एकच असेल तर फाइली एकच आहेत. तसे असूनही खेळाडू बाहेर पडत असेल तर अडचण नावाची नाही आणि पुढील मजकुराचा त्याला उपयोग होणार नाही.

तात्पुरती दुरुस्ती सोपी आहे. त्या नावाची फाइल गेमच्या मुख्य फोल्डरमधील ‘मॅप्स’मध्ये आणि ‘डाउनलोड’ या फोल्डरमधील ‘मॅप्स’मध्ये अशा दोन्ही ठिकाणी शोधून काढून टाकावी आणि पुन्हा जोडावे. केवळ एकाच ठिकाणी शोधल्यामुळे ‘उडवला तरी तेच येते’ अशी तक्रार अनेकदा येते. १.६ च्या जुन्या प्रतींमध्ये उतरवलेले मॅप मुख्य फोल्डरमध्येच जाऊन बसतात. तेथे सरसकट सर्व काही पुसून टाकल्यास गेमसोबत आलेले मॅपही जातात, म्हणून तेथे नाव पाहूनच पुसावे.

नावाची पद्धत: पुढचा भाग

नावाचे तीन भाग मानावेत आणि ते अंडरस्कोरने जोडावेत: खेळाचा प्रकार, मॅपचे नाव आणि आवृत्ती. यांतील पहिल्या भागावर लोक सर्वाधिक वाद घालतात आणि वस्तुतः त्याविषयी ठरवण्यासारखे सर्वांत कमी उरले आहे, कारण ते काम १९९९ च्या सुमारास झालेले आहे. काउंटर-स्ट्राइकमध्ये ओलीस सोडवण्याच्या मॅपना ‘सीएस’ आणि बॉम्ब निकामी करण्याच्या मॅपना ‘डीई’ हा उपसर्ग तेव्हापासून आहे. टीम फोर्ट्रेस २ मध्ये ‘सीटीएफ’, ‘सीपी’, ‘पीएल’, ‘केओटीएच’ हे उपसर्ग आहेत. खेळाडूंनी स्वतः रूढ केलेले ‘एइम’, ‘सर्फ’, ‘एफवाय’, ‘केझेड’ हेही जगभर समजतात. यांत बसणारा उपसर्ग असताना नवा काढू नये. आपल्या गटाचे किंवा शहराचे नाव उपसर्ग म्हणून लावण्याची हौस अनेकांना असते. परंतु त्यामुळे मॅपच्या यादीत सर्व मॅप एकाच अक्षराखाली गोळा होतात आणि कोणता मॅप कशाचा आहे हे कळेनासे होते.

उपसर्ग हा केवळ शिष्टाचार आहे की गेमच्या कामाचा भाग आहे, हे गेमनुसार बदलते. १९९९ च्या ‘अनरिअल टूर्नामेंट’मध्ये कोणता मॅप कोणत्या खेळाच्या यादीत दाखवायचा हे गेम उपसर्गावरूनच ठरवत असे, ‘डीएम’ आणि आडवी रेघ नसलेला मॅप डेथमॅचच्या यादीत दिसतच नसे. त्याच वर्षी आलेल्या ‘क्वेक ३’मध्ये ही माहिती एका वेगळ्या लहान मजकूर फाइलमध्ये लिहिलेली असे, त्यामुळे तेथील उपसर्ग शोभेपुरता होता. सोर्स इंजिनवर खेळाचा प्रकार मुख्यतः मॅपमध्ये ठेवलेल्या एंटिटींवरून ठरतो. तरीही सर्व्हरवरील अनेक प्लगइन आणि मतदानाच्या याद्या उपसर्ग पाहूनच चालतात. म्हणून तो चुकला तर मॅप चालतो, पण भोवतालची व्यवस्था चालत नाही.

मधला भाग: आपल्याकडची खास अडचण

मॅपच्या नावाचा मधला भाग हा करणाऱ्याचा अधिकार आहे आणि त्यात इतरांनी फारसे बोलू नये. परंतु आपल्या भागातील ठिकाणांवर मॅप करणाऱ्यांना एक अडचण येते, जी इंग्रजी नावे वापरणाऱ्यांना येत नाही. मराठी स्थलनामाचे रोमन लिपीतील रूप एकच नसते. ‘घोडबंदर’मधील ‘बं’ कोणी बी-यू-एन असा लिहितो, कोणी बी-ए-एन. ‘वाशी’ व्ही ने की डब्ल्यू ने, ‘तलावपाळी’तील ‘तलाव’ व्ही ने संपवायचा की ओ ने, ‘कोपरखैरणे’ एका शब्दात की दोन शब्दांत आणि शेवटच्या ‘णे’आधी एखादा ‘ए’ घालायचा की नाही, याचे प्रत्येकाचे उत्तर वेगळे असते. परिणाम असा होतो की, मॅपचा करणारा एक स्पेलिंग वापरतो, सर्व्हरचा चालक मॅपसायकलच्या फाइलमध्ये (मॅप कोणत्या क्रमाने लागतील याच्या यादीत) दुसरे लिहितो आणि सर्व्हरला तो मॅप सापडत नाही. त्याहून वाईट म्हणजे, कोणीतरी ‘बरोबर’ स्पेलिंगने फाइलचे नाव बदलून ती वाटतो, आणि मग एकच मॅप दोन नावांनी फिरू लागतो.

यावर भाषिक चर्चा करण्यात अर्थ नाही. ज्या ठिकाणाला रेल्वे स्थानक आहे त्याचे स्थानकाच्या फलकावरील रोमन स्पेलिंग घ्यावे, मोकळी जागा असल्यास ती काढून टाकावी आणि सर्व अक्षरे लहान करावीत. ज्याला स्थानक नाही, उदाहरणार्थ येऊर, उपवन किंवा मासुंदा तलाव, त्याचे जे स्पेलिंग पहिल्या मॅपवाल्याने वापरले असेल तेच पुढच्या सर्वांनी वापरावे, ते आवडो वा न आवडो. थेट देवनागरीत नाव देण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. ही इंजिने साध्या रोमन अक्षरांच्या काळातील आहेत. शिवाय देवनागरीत डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शब्द आतून वेगळ्या संकेतांचे असू शकतात. ‘ऱ्य’सारखे जोडाक्षर वेगवेगळ्या कीबोर्डवरून वेगवेगळ्या क्रमाने उमटू शकते. मॅपचे देवनागरी नाव लोडिंगच्या चित्रावर मोठ्या अक्षरांत द्यावे, फाइलच्या नावात नको.

अंकांबाबत एक नियम पाळावा. ‘डीई_डस्ट’ हा मॅप १९९९ चा आणि ‘डीई_डस्ट२’ हा २००१ चा. दुसरा मॅप ही पहिल्याची सुधारलेली आवृत्ती नाही, तो स्वतंत्र मॅप आहे आणि त्याचा ‘२’ हा नावाचाच भाग आहे. म्हणून नावाला चिकटून आलेला अंक नावाचा समजावा, आणि अंडरस्कोरनंतर अक्षरासह आलेला अंक आवृत्तीचा. ‘सीएस_तलावपाली२’ म्हणजे तलावपाळीवरचा दुसरा मॅप. ‘सीएस_तलावपाली_बी०२’ म्हणजे पहिल्याच मॅपची दुसरी बीटा प्रत. एवढे पाळले तरी निम्मे गैरसमज टळतात.

शेपूट: खरे काम येथे आहे

माझ्या मते नावाच्या पद्धतीचे यश ठरते ते शेवटच्या भागावर. त्याचा नियम एका वाक्याचा आहे: जी फाइल एकदा करणाऱ्याच्या संगणकाबाहेर गेली, तिच्या नावाने दुसरी फाइल पुन्हा कधीही बाहेर जाऊ नये. सर्व्हरवर चढवणे, पेनड्राइव्हवर देणे, मित्राला दुव्याने पाठवणे, हे सारे बाहेर जाणेच आहे. ‘फक्त एक प्रकाशाचा दिवा बदलला’, ‘फक्त पोत बदलला’ ही सबब चालत नाही, कारण चेकसमला दिवा आणि इमारत यांत फरक दिसत नाही. एंटिटींपुरता बदल असला तरी नवी आवृत्ती द्यावी. तो चेकसममधून निसटतो हे खरे, पण कोणत्या प्रतीत दार अडकते आणि कोणत्या प्रतीत नाही, याची चर्चा करताना दोन प्रतींना एकच नाव असेल तर ती चर्चाच होऊ शकत नाही.

टीम फोर्ट्रेस २ च्या मॅप करणाऱ्यांमध्ये रूढ असलेली पद्धत जशीच्या तशी घ्यावी, असे मी सुचवेन. मॅपचा केवळ सांगाडा तयार असून तो खेळून पाहायचा असेल तेव्हा ‘ए’, म्हणजे अल्फा. मांडणी ठरून सजावट सुरू झाली की ‘बी’, म्हणजे बीटा. आणि आता केवळ चुका काढायच्या उरल्या की ‘आरसी’, म्हणजे रिलीज कँडिडेट. प्रत्येकापुढे क्रमांक. त्यात माझी एकच भर आहे: क्रमांक दोन अंकी लिहावा. ‘बी१’, ‘बी२’ असे चालू ठेवले तर दहाव्या प्रतीला अडचण होते, कारण अक्षरानुक्रमे लावलेल्या यादीत ‘बी१०’ हे ‘बी२’च्या आधी येते आणि यादीत शेवटी दिसणारी प्रत सर्वांत नवी, हा समज खोटा ठरतो. ‘बी०१’पासून सुरुवात केली तर तो खरा राहतो. रोमन वर्णक्रमात ए, बी आणि आर याच क्रमाने येत असल्यामुळे अल्फा, बीटा आणि आरसी याही यादीत आपोआप योग्य क्रमाने लागतात, ही या पद्धतीची आयती सोय आहे.

आता ‘फायनल’विषयी. हा शब्द नावात अजिबात नको. वर्णक्रमात तो ‘बी’ आणि ‘आरसी’ यांच्या मध्ये येऊन यादी बिघडवतो, हे झाले किरकोळ कारण. मोठे कारण असे की ‘फायनल’नंतर चूक सापडली तर पुढे काय लिहायचे, याला उत्तर नसते. टीम फोर्ट्रेस २ च्या अधिकृत मॅपमध्येच ‘सीपी_फ्रेट_फायनल१’, ‘सीपी_गलीवॉश_फायनल१’ आणि ‘सीपी_स्नेकवॉटर_फायनल१’ अशी नावे आहेत. ‘फायनल’ला क्रमांक लागला याचा अर्थ वाचकाने काढावा. ‘सीपी_प्रोसेस_फायनल’ अधिकृत झाल्यानंतरही त्या मॅपच्या स्पर्धांसाठीच्या नव्या प्रती निघतच राहिल्या आणि त्यांना ‘एफ’ व पुढे क्रमांक असे शेपूट लावावे लागले. आपल्याकडे ‘फायनल_न्यू’ आणि ‘फायनल_लेटेस्ट’ अशी नावे सर्व्हरवर पाहिली आहेत. त्यांपैकी नवे कोणते, हे नावावरून कोणीही सांगू शकणार नाही.

काही जण आवृत्तीऐवजी तारीख लिहितात. ती आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा क्रमाने लिहिली तर यादी योग्य लागते आणि पद्धत चालू शकते. आपल्या सवयीप्रमाणे दिवस आधी लिहिला तर लागत नाही. तरीही मला तारीख पसंत नाही, कारण एका संध्याकाळी दोन प्रती निघाल्या तर तिचा उपयोग संपतो आणि मॅप कोणत्या टप्प्यावर आहे हेही तिच्यावरून कळत नाही.

दुसऱ्याच्या मॅपमध्ये बदल करून नवी प्रत काढायची असेल, तर करणाऱ्याची परवानगी घेऊन मॅपचे नाव आणि आवृत्ती यांच्या मध्ये एक खूण घालावी आणि आवृत्ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी. खुणेची जागा ठरलेली असणे महत्त्वाचे आहे. स्पर्धांसाठी बदललेल्या मॅपना ‘प्रो’ अशी खूण लावण्याची चाल आहे, पण ‘केओटीएच_प्रो_व्हायाडक्ट_आरसी४’मध्ये ती नावाच्या आधी आहे आणि ‘सीपी_ग्रॅनरी_प्रो_आरसी८’मध्ये नावाच्या नंतर. त्यामुळे यादीत पहिला मॅप मूळ व्हायाडक्टच्या शेजारी न सापडता भलतीकडेच सापडतो. आपण ती नेहमी नावानंतर लावू.

संपूर्ण नाव शक्यतो २५ अक्षरांच्या आत ठेवावे. सर्व्हरच्या यादीतील रकाना अरुंद असतो, आणि लांब नावातून कापला जातो तो नेमका आवृत्तीचा भाग.

नाव बदलण्याची योग्य रीत

येथपर्यंत पटलेले लोकही पुढच्या पायरीवर अडखळतात. नवी आवृत्ती करायची म्हणून ते तयार बीएसपी फाइलचे नाव बदलतात, आणि मॅपमधील पाणी, काचा, गुळगुळीत फरशी यांवर जांभळे-काळे चौकोन दिसू लागतात किंवा प्रतिबिंब नाहीसे होते. सोर्स इंजिनमध्ये प्रतिबिंबांसाठी लागणारे क्यूबमॅप मॅपच्या फाइलमध्येच भरलेले असतात, पण ते ज्या मार्गाने शोधले जातात त्या मार्गात मॅपचे नाव असते. बाहेरचे नाव बदलले तरी आतील मार्ग जुन्याच नावाचे राहतात. म्हणून नाव बदलायचे ते मूळ आराखड्याच्या व्हीएमएफ फाइलचे: हॅमरमध्ये ती नव्या नावाने जतन करावी, पुन्हा कंपाइल करावी, गेममध्ये जाऊन ‘बिल्डक्यूबमॅप्स’ ही आज्ञा चालवावी आणि मगच बाहेरचे पोत व आवाज फाइलमध्ये भरावेत. मोठ्या मॅपला यात बराच वेळ जातो, हे मान्य आहे. त्यावर उपाय असा की आपल्याच संगणकावर तपासण्यासाठी केलेल्या प्रतींना वाटेल ते नाव द्यावे, पण ते सर्व्हरवर जाणाऱ्या नावांपैकी नसावे. आणि आवृत्तीचा क्रमांक प्रत बाहेर जाणार असेल तेव्हाच खर्च करावा. मॅप करणाराच बाहेर फेकला जाण्याचा मघाचा प्रकारही याच सवयीने बंद होतो.

नावाशी बांधलेल्या इतर फाइलीही बदलाव्या लागतात. सोर्समध्ये साउंडस्केपची फाइल, पार्टिकलची यादी आणि वरून दिसणाऱ्या नकाशाचे चित्र यांच्या नावांत मॅपचे नाव असते. नव्या नावाने त्या केल्या नाहीत तर मॅप चालतो, पण परिसराचा आवाज येत नाही आणि तो का येत नाही हे शोधण्यात संध्याकाळ जाते. बॉटसाठीची, म्हणजे संगणकाने चालवलेल्या खेळाडूंसाठीची, एनएव्ही फाइल केवळ नाव बदलून पुढे नेऊ नये. तिच्यात मूळ मॅपच्या फाइलचा आकार नोंदलेला असतो आणि तो न जुळल्यास माहिती वेगळ्या आवृत्तीची असल्याची सूचना येते. ती नव्याने तयार करून घ्यावी. १.६ मध्ये क्यूबमॅप नसल्यामुळे तयार फाइलचे नाव बदलणे तेवढे धोक्याचे नाही, मात्र त्याच नावाची आरईएस फाइल (मॅपला लागणाऱ्या इतर फाइलींची यादी), सुरुवातीला दिसणारा मजकूर आणि ओव्हरव्ह्यूचे चित्र यांची नावे सोबत बदलावी लागतात. शेवटी मॅपसायकलच्या फाइलमधील ओळ बदलावी.

दोन आक्षेप

‘व्हॉल्व्ह स्वतः त्याच नावाने मॅप बदलते, मग आपण का नाही?’ हा पहिला. व्हॉल्व्हला ते शक्य आहे, कारण तिचे मॅप गेमच्या अपडेटमधून येतात आणि स्टीम ही तिची गेम पुरवणारी सेवा प्रत्येकाच्या संगणकावरील जुनी फाइल काढून नवी बसवते. वर्कशॉपवरील, म्हणजे स्टीममधील खेळाडूंच्या संग्रहावरील, मॅपचेही तसेच: तेथे ओळख नावाची नसून क्रमांकाची असते आणि नवी प्रत आपोआप पोहोचते. ज्यांचे सर्व मॅप वर्कशॉपमधूनच चालतात त्यांना आवृत्तीचे शेपूट प्रवेशासाठी लागत नाही, चर्चेच्या सोयीसाठी मात्र तेथेही ते ठेवावे. फास्टडीएल आणि पेनड्राइव्ह यांवर चालणाऱ्या सर्व्हरकडे जुनी फाइल बदलणारी अशी कोणतीही यंत्रणा नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रत्येक आवृत्तीला नवे नाव दिले की प्रत्येक वेळी पूर्ण मॅप पुन्हा उतरवावा लागतो आणि डाउनलोडचे फोल्डर फुगत जाते. हे खरे आहे. पण मजकूर बदलला असेल तर तो कोणत्याही पद्धतीत पुन्हा उतरवावाच लागणार. फरक एवढाच की जुन्या नावाने तो आपोआप उतरत नाही. फोल्डर फुगण्यावर उपाय म्हणून सर्व्हरवरून काढलेल्या आवृत्त्यांची यादी सर्व्हरच्या चालकाने वेळोवेळी जाहीर करावी, म्हणजे खेळाडूंना त्या निर्धास्तपणे पुसता येतील.

आधीच बिघडलेल्या नावांचे काय

ज्या नावाखाली दोन मजकूर फिरत आहेत असे आढळले, ते नाव बाद समजावे. त्यांतील ‘खरी’ प्रत कोणती यावर वेळ घालवू नये. पुढची प्रत नव्या पद्धतीच्या नावाने काढावी आणि जुने नाव मॅपसायकलमधून हटवावे. ज्या जुन्या मॅपबाबत तक्रार नाही त्यांची नावे केवळ नियमात बसवण्यासाठी बदलू नयेत, कारण तसे केल्याने सर्वांना तो मॅप विनाकारण पुन्हा उतरवावा लागतो. त्यांची पुढची आवृत्ती निघेल तेव्हा ते आपोआप पद्धतीत येतील.

नोंदीसाठी सर्वांना पाहता येईल अशी एक शीट पुरे. तिच्यात पूर्ण नाव, करणाऱ्याचे टोपणनाव, ३२ अक्षरांची एमडी५ ओळ, सर्व्हरवर चढवल्याची तारीख आणि सद्यस्थिती एवढेच रकाने असावेत. नवा मॅप सुरू करण्याआधी मधले नाव शीटमध्ये आणि ‘गेमबनाना’सारख्या सार्वजनिक संग्रहात शोधून पाहावे आणि मोकळे असल्यास लगेच नोंदवून ठेवावे. बाद झालेल्या नावांच्या ओळी शीटमधून पुसू नयेत. त्या पुसल्या की दोन वर्षांनी कोणीतरी तेच नाव मोकळे समजून घेतो, आणि ज्यांच्या संगणकावर जुनी फाइल अजून पडून आहे ते पुन्हा सर्व्हरबाहेर उभे राहतात.